खाली नाव लिहावे

ज्या माणसाबद्दल मी हे लिहितो आहे, त्याच्या हातात हे कागद पडले तर तो आधी शेवटचं पान उलटून पाहील. खाली नाव आहे का? असेल तर चष्मा पुसून पहिल्यापासून वाचेल. नसेल तर कागद परत देईल आणि म्हणेल, "ज्याचं मत हाये त्याले घेऊन या, मंग वाचतो."

अकोल्याला जठारपेठेत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी मूळचा अमरावतीचा. बदली झाली म्हणून बायको आणि दोन कूलर घेऊन तिथे गेलो. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

काकाजींच्या फाटकाशेजारी भिंतीवर एक फळा होता. टांगलेला नव्हे, सिमेंटचा गिलावा करून, त्यावर काळा रंग देऊन भिंतीतच केलेला. खाली कोनाड्यात खडूंचा डबा. फळा दिसला की आपल्याला वाटतं, यावर रोज एक सुविचार असणार. मलाही तसंच वाटलं आणि पहिल्याच दिवशी मी तसं म्हणालो.

"सुविचार दुसऱ्याचा असते जी," काकाजी म्हणाले. "मत आपलं असते. इथं मत लिहितो आमी."

त्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं: "अकोल्याच्या लोकांनी उन्हाचा अभिमान बाळगू नये. त्यात आपले काही कर्तृत्व नाही." खाली काकाजींची सही, लपेटीसकट.

ही सवय कुठून आली, ते मला नंतर समोरच्या मास्तरांनी सांगितलं. काकाजी सरकारी कचेरीत कारकून होते. आयुष्यभर प्रत्येक फाइलवर 'अभिप्रायार्थ सादर' असं लिहून ती त्यांनी साहेबाकडे पाठवली. अभिप्राय साहेबाचा. काकाजींना तो कधी कोणी विचारला नाही. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी गवंडी बोलावला. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाटलं की घराला दुरुस्ती चालली आहे. फळा तयार झालेला पाहून त्या म्हणाल्या होत्या, "आता शाळा काढता का?"

फळ्याचे नियम दोन. पहिला, मत रोजच्या जगण्यातलं पाहिजे. राजकारण, धर्म आणि क्रिकेट यांना बंदी, कारण "त्याच्यावर सगळ्यांचंच मत असते, त्याले काही डोकं लागत नाही." दुसरा नियम फळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचा रंगवलेला होता: "खाली नाव लिहावे." कोणीही यावं, खडू घ्यावा, काकाजींच्या मताखाली आपलं मत लिहावं. पण खाली नाव.

काकाजी बोलायचे अस्सल वऱ्हाडीत आणि फळ्यावर लिहायचे शुद्ध. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "घरात लुंगीवर बसतो. फाटकाबाहेर जाताना पँट घालतोच का नाही?"

त्यांची काही मतं मला अजून पाठ आहेत. "लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याने 'बस का' असे विचारू नये. तो प्रश्न नसून सूचना असते." "पाहुण्याला स्टेशनवर सोडायला जावे, पण गाडी सुटेपर्यंत थांबू नये. शेवटची पाच मिनिटे दोघांनाही जड जातात." "अमरावतीचे लोक गिल्या वड्याविषयी जरा जास्तच बोलतात." हे शेवटचं, आमच्याकडच्या त्या दह्यातल्या वड्याबद्दलचं, माझ्या स्वागतासाठी होतं. माझ्या बायकोने जिना उतरून लगेच खाली लिहिलं, "कारण अकोल्याच्या लोकांकडे बोलण्यासारखे काही नाही." आणि नाव, ठसठशीत. काकाजी इतके खूश झाले की दोन दिवस त्यांनी ते पुसलं नाही. पुढे तिने असंही लिहिलं की काकाजींचा कूलर मालगाडीसारखा आवाज करतो आणि वरच्यांची झोप उडवतो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक हजर. "या बाईले नाव लिहिता येते," ते मला म्हणाले. ते असं का म्हणाले आणि माझ्याकडे बघत का म्हणाले, ते मला कळलं होतं.

फळ्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे समोरचे मास्तर. निवृत्त, गणिताचे. चाळीस वर्षांची शेजार-मैत्री. सकाळी काकाजी मत लिहीत, पाच वाजता मास्तर फाटकाशी येत, मत वाचत आणि खाली लिहीत, "असहमत." मग सही. मग ओट्यावर दोघांचा चहा आणि भांडण. मास्तरांचा उजवा हात वयामुळे कापायचा, त्यामुळे अक्षर पावसात भिजल्यासारखं वाकडंतिकडं यायचं. एकदा काकाजींनी मुद्दाम लिहिलं, "आमचे समोरचे मास्तर गल्लीतील सर्वांत हुशार गृहस्थ आहेत." पाच वाजता मास्तर आले, वाचलं, क्षणभर विचार केला आणि लिहिलं, "असहमत."

आता रोडग्यांबद्दल सांगायला हवं, कारण माझा गुन्हा तिथला आहे.

थंडीत, नवी वांगी आली की काकाजी घरामागच्या मोकळ्या जागेत अख्ख्या गल्लीला रोडगे खाऊ घालत. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून, फोडून तुपात बुडवायचे आणि सोबत वांग्याची भाजी. रोडगे कोणीही भाजो. भाजीच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, मात्र काकाजींशिवाय कोणी हात लावायचा नाही. मोठा गंज, चुलीवर, कमरेला पंचा गुंडाळून काकाजी. मी पहिल्या वर्षी पहिला घास घेतला आणि माझे डोळे मिटले. भाजी खारट होती. थोडी नव्हे. समुद्रातून काढल्यासारखी.

मी शेजारी पाहिलं. मास्तर शांतपणे जेवत होते. पलीकडचे किराणावाले भाऊ मठ्ठ्याचा चौथा पेला लावत होते. काकाजी पंगतीतून फिरत विचारत होते, "कशी झाली?" आणि चहूकडून येत होतं, "एक नंबर, काकाजी!" "नाद नाही!" काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या, तेव्हापासून भाजी अशीच होत होती आणि गल्लीने न बोलता ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. ज्या माणसाने अख्खी भिंत खऱ्या मतासाठी दिली होती, त्याला वर्षातून एकदा सगळी गल्ली एका सुरात खोटं सांगत होती. दुसऱ्या वर्षीही तेच. मीही म्हणालो, "एक नंबर."

मला सगळ्यांना हो म्हणायची सवय आहे. ती चांगुलपणातून आलेली नाही, भीतीतून आली आहे, हे मला आता पन्नाशीजवळ आल्यावर कबूल करता येतं. काकाजींच्या ती सवय महिन्याभरात ध्यानात आली होती. एका मे महिन्यात ऑफिसातून घरी आलो तर फळ्यापुढे पाच-सहा माणसं उभी. मला पाहून हसू लागली. फळ्यावर होतं:

"वरच्या मजल्यावरच्या साहेबांना मी सकाळी म्हणालो, यंदा ऊन फार आहे. ते हो म्हणाले. संध्याकाळी म्हणालो, यंदा ऊन काहीच नाही. ते हो म्हणाले. मत : असा माणूस नोकरीत वर जातो, पण गप्पा मारायला उपयोगाचा नाही."

सगळं खरं होतं. म्हणूनच लागलं. भाजीवाली सुद्धा दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हो-साहेब, मेथी देऊ का?" बायको पोट धरून हसली आणि म्हणाली, "अहो, खाली काहीतरी लिहा ना तुम्ही!"

मी लिहिलं. रविवारी, भर दुपारी दोन वाजता. मे महिन्यात अकोल्याची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन झोपतात. मी जिना उतरलो, डब्यातला तापलेला खडू घेतला आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं, "रोडग्यांची भाजी खारट असते. दरवर्षी. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

खाली नाव लिहिलं नाही.

पाच वाजता मी खिडकीच्या फटीतून पाहत होतो. काकाजी बाहेर आले, वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी बोटाने शेवटच्या ओळीखालची मोकळी जागा चाचपली, जणू नाव तिथेच कुठेतरी असेल आणि आपल्यालाच दिसत नसेल. मग ते घरोघरी गेले. प्रत्येक दाराशी एकच प्रश्न, "खरं सांगजा, भाजी खारट असते का?" प्रत्येक दाराशी एकच उत्तर, "छे हो, काकाजी! कोण म्हणते?" शेवटी जिना चढून माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले.

"तुमी सांगा जी. तुमचं त माह्यावर काही प्रेम नाही, तुमी खरं सांगान."

मी म्हणालो, "मला तर चांगलीच लागते."

बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहत होती. तिला काही माहीत नव्हतं. काकाजींच्या चेहऱ्याकडे बघून तीही "चांगलीच असते की," असं म्हणाली. तिच्या तोंडून फळ्याच्या त्या मालकाला बहुधा पहिलंच खोटं मत मिळालं.

इथवर निभावलं असतं. पण मी डाव्या हाताने लिहिलं होतं, आणि माझं डाव्या हाताचं अक्षर वाकडंतिकडं, पावसात भिजल्यासारखं आलं होतं. म्हणजे कोणासारखं, ते मला लिहिताना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मास्तर नेहमीसारखे फाटकाशी आले. ओट्यावर एकच कप होता.

"अक्षर ओळखतो मी," काकाजी म्हणाले.

"माह्यं नाही ते. माह्यं मत असतं त खाली माह्यं नाव असतं. एवढं बी नाही कळत तुले?"

"मंग सांग, भाजी खारट असते का नाही?"

मास्तर जरा थांबले. "चांगली असते," ते म्हणाले. पण ते गणिताचे मास्तर. खोटं बोलायचा सराव नव्हता. मान खाली गेली. काकाजींनी ती मान पाहिली. हा भाजीबद्दल खोटं बोलून राहिला, म्हणजे फळ्याबद्दलही खोटंच बोलत असणार, असा हिशेब त्यांनी केला. अर्धा हिशेब बरोबर होता, म्हणून उत्तर चुकलं.

"नाव लिहायची हिंमत नसन त माह्या ओट्यावर येऊ नको," काकाजी म्हणाले.

मास्तर आल्या पावली परतले. मी वरून ऐकत होतो. चार पायऱ्या उतरून 'मी लिहिलं' एवढंच म्हणायचं होतं. मी खिडकी लावून घेतली.

त्या दिवसापासून फळा बंद झाला. काकाजींनी माझी ओळ पुसलीही नाही. ती पावसाळ्याने पुसली. त्या थंडीत रोडगे झाले नाहीत. पाच वाजता समोरासमोरची दोन दारं उघडायची. दोन म्हातारे आपापल्या ओट्यावर चहा घेत रस्त्याच्या दोन वेगवेगळ्या टोकांकडे बघत बसायचे. पुढच्या मे महिन्यात माझी अमरावतीला बदली झाली. सामान भरताना काकाजी खाली उभे होते. "चांगले भाडेकरू होते तुमी," म्हणाले. "कधी त्रास नाही दिला." मी त्याला "हो" म्हणालो. खरंच म्हणालो.

अमरावतीत तीन वर्षं गेली. मागच्या थंडीत आमच्या ऑफिसातल्या एकाने नांदगाव पेठेजवळच्या त्याच्या शेतात रोडग्यांचा बेत केला. भाजी उत्तम होती. मीठ अगदी बेताचं. मला घास गिळवेना. परत येताना गाडीत मी बायकोला सगळं सांगितलं, डाव्या हातासकट.

घर आल्यावर तिने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "म्हणजे मास्तर चार वर्षं एकटे चहा पितायत. तुमच्यामुळे."

"हो."

"आणि मला त्या दिवशी काकाजींशी खोटं बोलायला लावलंत."

"हो."

"रविवारी अकोल्याला जायचं. तुम्ही बोलायचं. मी फक्त ऐकायला येणार."

वाटेत मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात चार भाषणं तयार केली. जठारपेठेत पोचलो तेव्हा एकही आठवेना. काकाजी ओट्यावर बसले होते, वाळलेले, स्वेटर घालून. फळ्यावर कोणीतरी शिकवणी वर्गाची जाहिरात चिकटवली होती. समोर मास्तर पेपरमागे. काकाजींनी आमचं तोंडभर स्वागत केलं, चहा आणला आणि मी कप खाली ठेवून म्हणालो, "काकाजी, भाजीचं ते मी लिहिलं होतं."

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं.

"डाव्या हातानं?"

"हो."

"अजून 'हो'च म्हणून राहिले का तुमी!"

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात वर केला. "माफ-बीफ काही होत नाही जी. चार वर्षं गेली ते गेली. माह्यी बी गेली, त्याची बी." त्यांनी समोर पाहिलं. मग उठले, शिकवणीची जाहिरात नखांनी खरवडून काढली, आतून खडू आणला आणि माझ्या हातात दिला. "मत लिहिलं होतं ना? पुरं करा."

पाच वाजले होते. गल्ली जागी होती. किराणावाले भाऊ दुकानातून मान काढून बघत होते. मी उजव्या हाताने लिहिलं, "रोडग्यांची भाजी खारट असते. दरवर्षी. सगळ्या गल्लीला माहीत आहे. हे चार वर्षांपूर्वी मीच लिहिले होते, मास्तरांनी नाही." आणि खाली नाव. वडिलांचं आणि आडनावही.

बायको समोर गेली आणि मास्तरांना हाताला धरून घेऊन आली. ते फळ्यापुढे उभे राहिले. एखादं कठीण गणित तपासावं तसं त्यांनी एकेक ओळ वाचली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मग खडूसाठी हात पुढे केला आणि त्या कापऱ्या अक्षरात लिहिलं, "सहमत." खाली सही.

फळा झाल्यापासून त्या हाताने तो शब्द त्यावर पहिल्यांदाच लिहिला होता. काकाजी बघतच राहिले.

"तुले बी खारट लागे?"

"पहिल्या वर्षापासून."

"अन् मले तोंडावर चांगली म्हने! काहून बे?"

"वहिनी गेल्या होत्या लेका," मास्तर म्हणाले. "तू चुलीपाशी उभा होता. काय सांगू तुले?"

काकाजी ओट्यावर बसले. बराच वेळ खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "भाजीत मीठ तुही वहिनी टाके. मी भाजी करो, पण मीठ तिच्या हातचं. ते गेल्यावर मी माह्या अंदाजानं टाकलं, अन् उतरवताना तिच्या नावानं पुन्हा टाकलं. दोनदा. माहीत होतं मले. पण तिचं नाही टाकलं त कसं व्हावं?"

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मग मास्तर म्हणाले, "मंग तिचं टाक. तुह्यं नको टाकू."

"माह्यं नाही टाकलं त भाजी माह्यी कशी?"

"वांगे चिरते कोण?"

"वांगे कोणीबी चिरन!"

"मंग दोघांचं मिळून अर्धं अर्धं टाक!"

"हे काय गणित हाये का?"

बायकोने आतून दुसरा कप आणला. ते दोघे भांडत असताना तिने तो मास्तरांपुढे ठेवला आणि त्यांनी तो न बघता उचलला.

तीन आठवड्यांनी निरोप आला. फोनवर काकाजी एवढंच म्हणाले, "रविवारी रोडगे. येजा." आम्ही गेलो. तीच मोकळी जागा, तोच गंज, कमरेला पंचा. गल्लीतली सगळी माणसं निखाऱ्यांच्या धुरात डोळे चोळत बसली होती. मला पाहून काहीजण हसले, काहींनी तोंड फिरवलं. किराणावाले भाऊ म्हणाले, "आलात का लेखक!" ते मला पोचलं आणि पोचायलाच हवं होतं. मी मास्तरांच्या शेजारी बसलो. ते थोडे सरकले. माझ्यासाठी जागा केली की माझ्यापासून लांब गेले, ते मला अजून नक्की कळलेलं नाही.

भाजी वाढली गेली. पहिला घास घेतला. या वेळी काकाजींनी फारच सांभाळलं होतं. भाजीत मीठ जवळजवळ नव्हतंच. ना त्यांच्या हातचं, ना काकूंच्या.

काकाजी हातात पळी घेऊन पंगतीतून फिरू लागले. "कशी झाली?"

"एक नंबर, काकाजी!" सगळी गल्ली म्हणाली. त्यांची जुनी सवय, आणि बहुतेक प्रेमही. मास्तरांनी मान ताटात घातली. बायकोने मला कोपर मारलं नाही, नुसतं पाहिलं. माझ्या जिभेवर 'हो' तयार होतं, त्याला चाळीस-पन्नास वर्षांची वाट ठाऊक आहे. मी ते घासाबरोबर गिळलं.

"अळणी आहे," मी म्हणालो.

पंगत थांबली. कोणाच्या तरी हातातला पेला तसाच राहिला. काकाजींची माझ्याकडे पाठ होती. ते वळले नाहीत. पळी हवेत धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कोण बोललं?"

मी उठलो. हात तुपाने माखलेले होते. माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही मी मोठ्याने सांगितलं.